वैद्यकीय शब्दांची फोड कशी करावी?



लेखाची सुरुवात एका घडलेल्या प्रसंगाने करतो. आमच्या वस्तीतील पासष्टीचे एक गृहस्थ बरीच वर्षे मधुमेहाची गोळी घेत होते. एके दिवशी ते घरात चक्कर येऊन पडले. दवाखान्यात दोन दिवस राहून घरी आले, तेव्हा हाती दिलेल्या कार्डावर आजाराचे नाव होते ‘हायपोग्लायसेमिया’. घरच्यांना एवढेच उमगले की साखरेचे काहीतरी बिघडले आहे. त्यांनी लगेच चहातील साखर बंद केली, भात बंद केला, भाकरीही अर्ध्यावर आणली आणि गोळी मात्र न चुकता चालू ठेवली. गोळी कमी करा, असे घाईगर्दीत कोणीतरी सांगितले होते, पण ते कोणाच्या ध्यानात राहिले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते घामाने ओलेचिंब झाले, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध होऊ लागले. शेजारची नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी धावत आली. तिने कार्ड वाचले आणि म्हणाली, “काकू, हायपो म्हणजे कमी. काकांची साखर वाढलेली नाही, उतरलेली आहे!” ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून तिने लगेच साखरपाणी पाजले आणि रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेले. माणूस वाचला.

त्या मुलीला फार मोठे शास्त्र अवगत नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी ती वर्गात एक उपसर्ग शिकली होती. त्या एका उपसर्गाची किंमत आम्हाला त्या दिवशी कळली.

आपली अनेक मुले-मुली मराठी माध्यमातून शिकून नर्सिंग, औषधनिर्माण, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वैद्यक अशा अभ्यासक्रमांना जातात. पहिल्या महिन्यातच वीस-वीस अक्षरांचे शब्द पाहून त्यांचा धीर सुटतो. “सर, हे पाठच होत नाही,” ही तक्रार नेहमीची आहे. हे शब्द पाठ करायचेच नसतात, ते फोडायचे असतात. ती फोड कशी करावी, हेच प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

१. शब्दाची घडण

मराठीतील ‘बेजबाबदारपणा’ हा शब्द घ्या. ‘बे’ हा उपसर्ग, ‘जबाबदार’ हा मूळ शब्द आणि ‘पणा’ हा प्रत्यय. हा शब्द कोणी पाठ केलेला नसतो, तरी अर्थ चटकन कळतो. वैद्यकीय शब्दांची घडण अगदी अशीच आहे. फरक इतकाच की त्यांचे तुकडे बहुतांशी ग्रीक आणि लॅटिन भाषांतून आलेले आहेत. युरोपात वैद्यकाचे जुने ग्रंथ ग्रीकमध्ये होते आणि पुढे अनेक शतके विद्वानांची भाषा लॅटिन होती. व्हेसॅलियसचा शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ १५४३ साली निघाला, तोही लॅटिनमध्येच. म्हणून इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यालाही हे शब्द परकेच असतात. या बाबतीत तो तुमच्या पुढे नाही, हे प्रथम मनात पक्के करा.

शब्दात साधारणपणे चार गोष्टी असतात: मूळ शब्द (बहुधा अवयवाचे नाव), त्याच्या आधी लागणारा उपसर्ग, शेवटी लागणारा प्रत्यय आणि उच्चार सुलभ व्हावा म्हणून मध्ये येणारा जोडस्वर. हा जोडस्वर बहुधा ‘ओ’ असतो. उदा. कार्डि + ओ + लॉजी = कार्डिओलॉजी, म्हणजे हृदयाचे शास्त्र.

जोडस्वराचे दोन नियम लक्षात ठेवा. प्रत्ययाची सुरुवात स्वराने होत असेल तर ‘ओ’ गळतो: गॅस्ट्र + आयटिस = गॅस्ट्रायटिस. दोन मूळ शब्द जोडताना मात्र पुढे स्वर असला तरी ‘ओ’ टिकतो: गॅस्ट्र + ओ + एंटर + आयटिस = गॅस्ट्रोएंटरायटिस, म्हणजे जठर व आतडे यांचा दाह.

वाचण्याची रीत अशी: आधी शेवटचा प्रत्यय पाहावा, मग उपसर्ग, मग मूळ शब्द. काय झाले आहे किंवा काय केले आहे, हे प्रत्यय सांगतो. कोठे, हे मूळ शब्द सांगतो. किती, कसे, कोणत्या बाजूला, हे उपसर्ग सांगतो.

२. उपसर्ग: आपलेच दूरचे नातलग

ग्रीक, लॅटिन, संस्कृत या एकाच मोठ्या भाषाकुलातील भाषा आहेत. या साम्याकडे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात दिलेल्या व्याख्यानात विद्वानांचे लक्ष वेधले होते. पालीचेही नाते याच कुलाशी आहे. या नात्याचा अभ्यासात मोठा उपयोग होतो. पुढील उपसर्ग पाहा.

हायपर: आपल्या ‘उपरि’चा भाऊ. ‘उपरोक्त’ म्हणजे वर सांगितलेले. हायपर म्हणजे वर, प्रमाणापेक्षा जास्त. हायपरटेन्शन म्हणजे वाढलेला रक्तदाब.

हायपो: आपल्या ‘उप’चा भाऊ. अध्यक्षाच्या खाली उपाध्यक्ष, तसे हायपो म्हणजे खाली, कमी. हायपोटेन्शन म्हणजे उतरलेला रक्तदाब. ‘उपरि’ आणि ‘उप’ ही जोडी ध्यानात ठेवली तर वरील प्रसंगातील चूक कधीच होणार नाही.

अ आणि अन्: आपण व्यंजनापूर्वी ‘अ’ लावतो (अज्ञान, अशक्त) आणि स्वरापूर्वी ‘अन्’ लावतो (अनादर, अनावश्यक). ग्रीकमध्ये नेमका हाच नियम आहे. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणे, ॲनिमिया म्हणजे शब्दशः रक्त नसणे, व्यवहारात रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, म्हणजेच आपला पंडुरोग.

डिस: आपला ‘दुस्’ किंवा ‘दुर्’, जसे दुर्गंध, दुष्काळ. डिस्प्निया म्हणजे श्वास घेण्यास त्रास. डिसेंट्रीमध्ये ‘एंटर’ म्हणजे आतडे, अर्थात आतड्याचे दुखणे, आव.

पेरि: आपला ‘परि’, जसे परिसर. पेरिकार्डियम म्हणजे हृदयाभोवतीचे आवरण.

इंटर: आपला ‘अंतर्’, म्हणजे दोहोंच्या मध्ये. इंटरकोस्टल म्हणजे बरगड्यांच्या मधला. याच्याशी ‘इंट्रा’ची गल्लत करू नये. इंट्रा म्हणजे आत: इंट्राव्हेनस म्हणजे शिरेत, इंट्रामस्क्युलर म्हणजे स्नायूत. सब म्हणजे खाली: सब्क्युटेनिअस म्हणजे त्वचेखाली. इंजेक्शन देणाऱ्या हाताला हे तीन शब्द चुकून चालणार नाहीत.

आणखी काही जोड्या: टॅकि म्हणजे जलद, ब्रॅडि म्हणजे मंद. पॉलि म्हणजे पुष्कळ, ऑलिगो म्हणजे थोडे. प्री म्हणजे आधी, पोस्ट म्हणजे नंतर. अँटि म्हणजे विरुद्ध, जसे अँटिबायोटिक. पण अँटे म्हणजे पूर्वी, जसे अँटेनेटल, म्हणजे प्रसूतीपूर्व. हेमि म्हणजे अर्धा. आपले पूर्वज ज्याला अर्धांगवायू म्हणत, तोच हेमिप्लेजिया.

३. प्रत्यय: काय झाले, काय केले

रोगाचे प्रत्यय:
आयटिस: दाह. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस, हेपॅटायटिस (यकृताचा दाह).
अल्जिया: वेदना. मायाल्जिया म्हणजे अंग दुखणे, स्नायूंची वेदना.
एमिया: रक्तातील स्थिती. ‘ग्लायसेमिया’ म्हणजे रक्तातील साखर.
युरिया: लघवीसंबंधी. हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त जाणे.
मेगॅली: आकार वाढणे.
पेनिया: उणीव, संख्या घटणे.
प्लेजिया: लकवा.
ओमा: गाठ. लायपोमा ही चरबीची साधी गाठ, तर कार्सिनोमा हा कर्करोग. म्हणून नुसता ‘ओमा’ पाहून घाबरू नये, आणि निष्काळजीही राहू नये.

तपासणीचे प्रत्यय:
स्कोपी म्हणजे आत पाहणे, जसे एंडोस्कोपी. ग्राफी म्हणजे नोंद घेण्याची क्रिया, ग्राफ म्हणजे नोंद घेणारे यंत्र, ग्राम म्हणजे हाती येणारी नोंद. कार्डिओग्राफवर काढलेला कागद तो कार्डिओग्राम. इलेक्ट्रोकार्डिओग्रामच्या कार्यपद्धतीच्या शोधाबद्दल आइंटहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शस्त्रक्रियेचे तीन प्रत्यय, ज्यांत विद्यार्थी हमखास फसतात:
ऑटमी: छेद देणे.
ऑस्टमी: छेद देऊन तोंड किंवा मार्ग ठेवणे.
एक्टमी: कापून काढून टाकणे.
मोठ्या आतड्याला ‘कोल’ म्हणतात. कोलोस्टमी म्हणजे आतड्याचे तोंड पोटावर काढणे, कोलेक्टमी म्हणजे आतडे किंवा त्याचा भाग काढून टाकणे. एका अक्षराच्या फरकाने रुग्णाचे पुढचे आयुष्य बदलते.

४. मूळ शब्द: अवयवांची नावे

कार्डि: हृदय. हेपॅट: यकृत. नेफ्र: मूत्रपिंड. गॅस्ट्र: जठर. एंटर: आतडे. स्प्लेन: प्लीहा, आपण जिला पांथरी म्हणतो. न्यूर: मज्जातंतू. आर्थ्र: सांधा. हिम किंवा हिमॅट: रक्त. साइट: पेशी. डर्मा: त्वचा. हिस्टर: गर्भाशय.

येथेही काही ओळखीचे चेहरे भेटतात. ऑस्टि म्हणजे अस्थि, डेंट म्हणजे दंत, नेझल हा शब्द नासिकेचा, पोड आणि पेड हे ‘पाद’चे भाऊ. जेनेटिकमधील ‘जेन’ आणि आपला ‘जन्’ एकाच मुळाचे.

रंगांची नावेही शिकून घ्यावीत: ल्युको पांढरा, एरिथ्रो तांबडा, सायनो निळा, मेलॅनो काळा. मग एरिथ्रोसाइट म्हणजे तांबडी रक्तपेशी आणि ल्युकोसाइट म्हणजे पांढरी रक्तपेशी, हे सांगावे लागत नाही.

एकाच अवयवाला दोन नावे का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे कारण एक नाव ग्रीक व दुसरे लॅटिन. मूत्रपिंडाचे ‘नेफ्र’ ग्रीक, ‘रीनल’मधील ‘रेन’ लॅटिन. त्वचेचे ‘डर्मा’ ग्रीक, ‘क्युटेन’ लॅटिन. गर्भाशयाचे ‘हिस्टर’ ग्रीक, ‘युटेरस’ लॅटिन. रोगांची व शस्त्रक्रियांची नावे बहुधा ग्रीक मुळावरून बनतात आणि विशेषणे पुष्कळदा लॅटिन मुळावरून. नेफ्रायटिस हा रोग, पण रीनल फेल्युअर ही अवस्था.

५. सहीपूर्वी वाचायचे शब्द

आता जरा मोठा शब्दसमूह घेऊ: ‘टोटल ॲब्डॉमिनल हिस्टरेक्टमी विथ बायलॅटरल साल्पिंगो-ऊफोरेक्टमी’. पाहूनच घाम फुटावा असा! पण फोड करू. हिस्टर म्हणजे गर्भाशय, एक्टमी म्हणजे काढून टाकणे. टोटल म्हणजे पूर्ण, ॲब्डॉमिनल म्हणजे पोटावर छेद घेऊन. बाय म्हणजे दोन, लॅटर म्हणजे बाजू. साल्पिंग म्हणजे बीजवाहिनी, ऊफोर म्हणजे बीजांडकोश. एकंदर अर्थ: पोटावर छेद घेऊन संपूर्ण गर्भाशय आणि दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या व बीजांडकोश काढून टाकणे.

घरात आपण याला ‘पिशवी काढणे’ एवढेच म्हणतो. पण पिशवी काढणे आणि दोन्ही बीजांडकोशही काढणे यांत फार मोठा फरक आहे. बीजांडकोश काढल्यावर स्त्रीच्या शरीरात तयार होणारी संप्रेरके एकाएकी कमी होतात आणि तरुण वयात हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. कधी अशी शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक असते व तिने जीवही वाचतो. पण संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी शेवटचा प्रत्यय कोणता आहे, काय काढणार, का काढणार, दुसरा उपाय आहे का, हे विचारण्याचा प्रत्येक आयाबहिणीला हक्क आहे. घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने तो अर्ज वाचून समजावून सांगणे, हे त्याच्या शिक्षणाचे पहिले सार्थक होय.

६. सिकल सेलचा रिपोर्ट

विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत आणि आदिवासी बांधवांत सिकल सेल हा आनुवंशिक आजार आढळतो. सिकल म्हणजे विळा. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, म्हणून हे नाव. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे.

या रुग्णाच्या कागदांवर येणारे शब्द आता तुम्हीच फोडा. हिमोलिसिस: हिम म्हणजे रक्त, लिसिस म्हणजे फुटणे, विरघळणे, अर्थात रक्तपेशी फुटणे. डॅक्टिलायटिस: डॅक्टिल म्हणजे बोट, लहान बाळाच्या हातापायांची बोटे सुजणे. या आजाराचे हे पुष्कळदा पहिले लक्षण असते, आणि बाळ पडले असेल म्हणून ते दुर्लक्षित राहते. स्प्लेनोमेगॅली: पांथरी वाढणे. ऑटोस्प्लेनेक्टमी: ऑटो म्हणजे आपोआप. रक्तपुरवठा वारंवार अडल्याने पांथरी आक्रसून निकामी होते, जणू शस्त्रक्रियेवाचून ती काढली गेली. इलेक्ट्रोफोरेसिस: फोरेसिस म्हणजे वाहून नेले जाणे, विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्याची ही तपासणी.

या तपासणीत ‘एएस’ आले तर ती व्यक्ती वाहक आणि ‘एसएस’ आले तर रुग्ण. वाहक सहसा निरोगी जीवन जगतो. त्याला आजारी समजणे किंवा कमी लेखणे चूक आहे. परंतु दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्रिकेपेक्षा हा रिपोर्ट पाहणे शहाणपणाचे.

७. फसवे शब्द

फोड करताना आंधळेपणा नको. मायो म्हणजे स्नायू, मायलो म्हणजे अस्थिमज्जा किंवा मज्जारज्जू, आणि मायको म्हणजे बुरशी. तिन्ही कानाला सारखेच लागतात. नेफ्रो आणि न्यूरो यांचीही तीच गत. ग्लॉकोमामध्ये ‘ओमा’ आहे, पण तेथे गाठ नसते. तो डोळ्यातील मज्जातंतूचा विकार आहे. कोमाचा तर या प्रत्ययाशी संबंधच नाही. तो गाढ झोप या अर्थाचा स्वतंत्र ग्रीक शब्द.

काही नावांत जुने गैरसमज गोठून राहिले आहेत. मलेरिया म्हणजे इटालियन भाषेत वाईट हवा. रोग दलदलीच्या हवेने होतो असे लोक मानत. १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले, तरी नाव तेच राहिले. हिस्टेरिया हा शब्द गर्भाशयावरून आला, कारण स्त्रीच्या मनाचे विकार गर्भाशयातून उद्भवतात असा पूर्वी समज होता. तो समज खोटा ठरला आहे. तात्पर्य, फोड ही अर्थाच्या दारापर्यंत नेते. आत जाण्यासाठी शास्त्रच वाचावे लागते. शब्द कळला म्हणून औषध आपल्या मनाने घ्यावे वा बंद करावे, असेही नाही. शब्द कळला की डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येतो, हा खरा लाभ.

८. अभ्यासाची पद्धत व सराव

एका वहीची तीन भागांत विभागणी करा: उपसर्ग, मूळ शब्द, प्रत्यय. रोज पाच तुकडे लिहा, प्रत्येकापुढे मराठी अर्थ आणि एक उदाहरण. दोन महिन्यांत तीनशे तुकडे होतील आणि त्यांच्या जुळणीतून हजारो शब्द उकलतील. शब्द मोठ्याने तोडून वाचा. दोघे-तिघे मिळून एकमेकांना विचारा. घरातील जुने कार्ड, औषधाची चिठ्ठी, रक्ताचा रिपोर्ट, हेच तुमचे पाठ्यपुस्तक समजा.

पुढील शब्द आधी स्वतः फोडून पाहा:
१) नेफ्रायटिस २) ब्रॅडिकार्डिया ३) ल्युकोपेनिया ४) ऑस्टिओमायलायटिस ५) पॉलियुरिया ६) हेपॅटोस्प्लेनोमेगॅली ७) आर्थ्राल्जिया ८) स्प्लेनेक्टमी

उत्तरे: १) मूत्रपिंडाचा दाह २) हृदयाचे ठोके मंद होणे ३) पांढऱ्या रक्तपेशी कमी होणे ४) हाड व अस्थिमज्जा यांचा दाह ५) लघवीचे प्रमाण फार वाढणे ६) यकृत व पांथरी दोन्ही वाढणे ७) सांधेदुखी ८) पांथरी काढून टाकणे.

आठपैकी सहा बरोबर आले असतील, तर या परिभाषेची बाराखडी तुम्हाला येऊ लागली असे समजा. पूर्वी दवाखान्यात आपली माणसे हातात कागद घेऊन, जाणाऱ्या-येणाऱ्याला “साहेब, यात काय लिहिलंय?” असे विचारत उभी राहत. आजही राहतात. त्या रांगेतील एखाद्या आजीचा कागद हाती घेऊन, तिला तिच्या बोलीत अर्थ सांगणारा विद्यार्थी आपल्या प्रत्येक वस्तीत तयार व्हावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे. सुरुवात आजच करा. आपल्याच घरातील एक जुना कागद काढा आणि त्यावरील पहिला लांब शब्द फोडा.